शिक्का खरा, लाकूड कच्चं

चाकणची ती शिक्क्याची केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. ती आठवली की मला आधी देहूरोडच्या आमच्या खोलीतली चूल आठवते. दोन्हींचा संबंध काय, ते पुढे येईलच.

माझे वडील देहूरोडला हमाली करायचे. ट्रकमधून पेट्या उतरवायच्या, दुसऱ्या ट्रकमध्ये चढवायच्या. एका खोलीत आम्ही सहा जण. रॉकेल मिळालं तर मिळालं, नाहीतर जळण म्हणजे जुन्या खोक्यांच्या फळ्या. लिलावातला भंगार माल घेणारा एक व्यापारी होता, तो फुटकी खोकी हमालांना नेऊ द्यायचा. थोरला म्हणून ती फोडायचं काम माझ्याकडे असायचं. वाळकी फळी चुलीत गेली की निमूट जळायची. ओली किंवा कच्ची फळी गेली की तिच्या टोकाला फेस यायचा, चुर्र आवाज व्हायचा आणि खोली धुराने भरून जायची. आईचे डोळे कायम लाल. त्याच धुरात मी दहावीचा अभ्यास केला. दोन फळ्या एकमेकींवर आपटून त्यातली ओली कोणती हे मला पुस्तक वाचता येण्याआधी कळायला लागलं होतं.

आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अभिमानाने लिहितो, कारण ती पायरी मला कुणी उचलून दिलेली नाही. बी.ए.चं प्रमाणपत्र घेऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. खालच्या गोल शिक्क्यावर अंगठा फिरवून त्यांनी विचारलं, "ह्यो शिक्का खरा हाय ना रं?"

मी म्हणालो, "खरा आहे."

"मंग नीट ठिव."

एवढंच. पुढे मी फौजदार झालो, बढत्या घेतल्या, बदल्या भोगल्या आणि निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात निरीक्षक म्हणून आलो.

त्या पट्ट्यातल्या पोलीस ठाण्याचं काम गावातल्या ठाण्यासारखं नसतं. सकाळची हजेरी, रात्रीच्या गस्तीचा अहवाल, लॉकअपची तपासणी हे सगळीकडे सारखंच. पण आमच्याकडे तक्रारी यायच्या त्या कॉपर चोरीच्या, कंटेनर अडवल्याच्या, शिफ्ट सुटताना गेटवर झालेल्या मारामारीच्या. त्यामुळे एक दिवस एक पन्नाशीच्या बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या की आमच्या मालात किडा निघाला, त्याची फिर्याद द्यायची आहे, तेव्हा मला वाटलं यांनी चुकून वेगळंच ऑफिस गाठलंय.

माझ्या हाताखालचे एक हवालदार तोंडाचे फटकळ. ते दारातूनच म्हणाले, "साहेब, किड्याला अटक करायची म्हणजे आधी त्याचं पूर्ण नाव, वय, राहणार लिहावं लागंल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. साधी, बिनरंगाची, जाड सुताची. शिवण मात्र अशी सरळ की पट्टी ठेवून तपासावी. आतल्या बाजूला बोटाएवढं लेबल शिवलेलं होतं. त्यावर दोन खुणा होत्या.

या बाईंना सगळे ताई म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. त्या मूळच्या मराठवाड्यातल्या. नवऱ्याच्या नोकरीमागे चाकणला आल्या, नवरा गेल्यावर शेजारच्या दोघींना घेऊन शिवणकाम सुरू केलं. आता त्यांच्या शेडमध्ये चाळीसेक बायका होत्या. माल युरोपात जायचा. लेबलवरची एक खूण सांगायची की कापूस विषारी फवारणीशिवाय पिकवलाय. दुसरी सांगायची की कापूस पिकवणाऱ्याला आणि पिशवी शिवणारीला रास्त मोबदला मिळालाय, लहान मुलाला कामाला लावलेलं नाही, बाईला बाळंतपणाची रजा आहे. या खुणा अशाच मिळत नाहीत. तपासणीस येतात, बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचारतात, संडास किती आहेत तेही बघतात. त्या तपासणीची फी सुद्धा ताईंनाच भरावी लागायची.

मला हे सगळं नवीन होतं. मी प्रामाणिकपणे विचारलं, की एवढा खटाटोप कशाला? माल चांगला आहे हे तो माणूस बघेल की.

ताई म्हणाल्या, "साहेब, गोऱ्या माणसाला आमचा शब्द पुरत न्हाई. त्याला शिवलेला कागद लागतो. मग आम्ही म्हटलं, शिवणच तर येतंय आपल्याला."

आता किड्याचं. ताईंचा माल खोक्यांत, खोकी लाकडी पॅलेटवर आणि पॅलेट कंटेनरमध्ये, असा जातो. पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता यावी अशी फळ्यांची चौकट. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून जगभर एक नियम आहे. असं लाकूड बंद चेंबरमध्ये गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश तापवायचं, त्या तापात अर्धा तास ठेवायचं, मगच त्यावर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि परवान्याचा क्रमांक असलेला शिक्का डागायचा. ताईंच्या पॅलेटवर तो शिक्का होता. तरीही परदेशी बंदरात तपासणीत एका फळीतून जिवंत अळी निघाली. कंटेनर तिथेच अडकला.

तिथल्या खरेदीदाराने ताईंना जे कळवलं ते त्यांनी मला मोबाइलवर दाखवलं. भाषा सभ्य होती. अर्थ असा होता की, तुमच्या लाकडावरचा शिक्का खोटा निघाला, मग तुमच्या पिशवीवरच्या लेबलवर आम्ही विश्वास का ठेवावा? समाधानकारक खुलासा आला नाही तर यापुढे माल घेणार नाही.

हा एकच खरेदीदार होता. तो गेला की शेड बंद.

"पॅलेट तुम्हाला कुणी दिल्या?" मी विचारलं.

पॅकिंगच्या ठेकेदाराने. ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, तळेगावच्या बाजूला जो रस्ता जातो तिथल्या वखारींतून मी गाडी भरून आणतो. कुठली कुणाची हे वेगळं ठेवत नाही, सगळ्यांवर एकच क्रमांक असतो. मी फिर्याद नोंदवून घेतली. फसवणूक आणि बनावट चिन्हाचा वापर. हवालदारांनी लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि या वेळी किड्यावर विनोद केला नाही.

क्रमांकावरून परवानाधारक शोधणं सोपं होतं. त्या रस्त्यावर पहिलीच वखार त्याची. चाळिशीचा माणूस, गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातला, आयटीआय झालेला. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मिळालेल्या पैशात त्याने गाड्या उडवल्या नाहीत, चेंबर बांधलं. मी आत जाऊन बघितलं. चेंबर चालू होतं, दाराला हात लावला तर पोळला. तापमानाच्या नोंदी मागवल्या, परवाना देणाऱ्या कृषी खात्याच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेतल्या. सगळं बरोबर. नोंदींमध्ये काहीच सापडलं नाही.

तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला. "माझ्याकडून कच्ची फळी बाहेर जात नाही साहेब. कुणीतरी माझा डुप्लिकेट शिक्का पाडलाय."

मलाही तसंच वाटलं. आम्ही दोन दिशांनी तपास सुरू केला. भोसरीपासून निगडीपर्यंत लोखंडी शिक्के पाडून देणाऱ्या कारागिरांकडे माणसं पाठवली. आणि बंदरातल्या तपासणीचे जवळून घेतलेले फोटो ताईंमार्फत मागवले.

पोलीस खात्यात एक गोष्ट शिकायला मिळते. माहिती नेहमी ज्याला आपण विचारलेलं नाही त्याच्याकडून येते. एका संध्याकाळी फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यात आला होता. हवालदारांशी गप्पा मारताना म्हणाला, "काय राव, शिक्के कसले शोधताय? त्या रस्त्याला शिक्कावाल्या वखारी तीन, न् चेंबरचं धुराडं एक." पासपोर्टचं काम झालं आणि तो निघून गेला. हवालदारांनी मला लगेच येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. मी ते मोठे करून बघितले. ओंबीच्या चित्रात डाव्या बाजूचं वरचं कुसळ अर्धवट तुटलेलं दिसत होतं. लगेच वखारीत गेलो, त्याचा लोखंडी शिक्का हातात घेतला. लांब दांड्याचा, तापवून डागायचा. त्याचंही डावं वरचं कुसळ तुटलेलं.

म्हणजे डुप्लिकेट शिक्का नव्हताच. ज्या शिक्क्याने बंदरातली ती अळीवाली फळी डागली गेली, तो हाच होता.

हे त्याला दाखवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. मी ठाण्यात आणून चौकशी सुरू केली. आवाज चढवून बघितलं, गप्प बसून बघितलं. त्याने नाकारणं थांबवलं होतं, पण कबूलही करत नव्हता. खोटं बोलणारा माणूस बोलत राहतो, हा माझा अनुभव. हा माणूस नुसता खाली बघत होता. कुणाला तरी झाकताना माणूस असा बसतो. मी त्याला नोटीस देऊन घरी सोडलं. हवालदारांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "शिक्का हातात घावला, आता आणि काय पाहिजे?" मला पाहिजे होतं ते एवढंच, की ज्याच्याकडे तापतं चेंबर आहे तो कच्चं लाकूड का डागेल? त्यात त्याचा फायदा काय? हे कोडं सुटल्याशिवाय मला चैन पडेना.

त्या रस्त्यावर वखारींच्या समोर चहाची एक टपरी आहे. परत पाहणी करायला गेलो तेव्हा आम्ही तिथे बसलो. टपरीवाल्या मावशी गॅस वापरत नव्हत्या. वखारींतून मोडक्या पॅलेट फुकट मिळायच्या, त्याच जाळायच्या. मी सहज चुलीकडे बघितलं आणि चहाचा कप तसाच धरून राहिलो. चुलीत घातलेल्या एका फळीच्या टोकाला फेस आला होता. चुर्र आवाज येत होता. मी उठलो, फळी ओढून काढली, पाणी मारून विझवली. बाजूवर अर्धा जळालेला शिक्का होता. ओंबी, तुटक्या कुसळासकट.

ढिगातून आणखी काही फळ्या घेतल्या आणि लहानपणी घ्यायचो तशा एकमेकींवर आपटल्या. काही खणखणीत वाजल्या, काही बद्द. शिक्का सगळ्यांवर होता.

हवालदार बघत राहिले. "साहेब, हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवलं?"

"देहूरोडला," मी म्हणालो.

इथे एक सांगतो, नाहीतर कुणी जाणकार मला पकडेल. तापवलेलं लाकूड पूर्ण वाळतंच असं नाही, हे मला कृषी खात्याच्या अधिकाऱ्याने नंतर सांगितलं. त्यामुळे फेस हा पुरावा नव्हता, कोर्टात तो टिकला नसता. पण दिशा मिळाली. मी मावशींना विचारलं, बद्द वाजणाऱ्या या फळ्या कुठल्या? त्यांनी पळीनेच दाखवलं. रस्त्याच्या पलीकडे, तिसरी वखार. पाटीवरचं आडनाव तेच. परवानाधारकाचंच.

मी पंच बोलावले, फळ्यांचा पंचनामा केला. तिसऱ्या वखारीत गेलो नाही. परवानाधारकाला पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलाच्या पलीकडून बोललो नाही, बाहेर पिंपळाखाली बाकावर बसवलं. केसबद्दल एक शब्द काढला नाही. थोडी शेती राहिलीय का, विचारलं. म्हणाला, आहे, डोंगराकडेला, भात नि ज्वारी होते.

"भावकीत घरं किती?"

"पाच."

"पेरायची पाभर कितींकडे आहे?"

त्याने चमकून बघितलं. "एकच आहे. आमच्या घरात."

"मग पाच घरांची पेरणी कशी होते?"

त्याने पायाजवळचं एक पिंपळपान उचललं. मग म्हणाला, "सावडीनं."

ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकाची पाभर, दुसऱ्याचे बैल, तिसऱ्याची माणसं. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. यात कुणी कुणाला पैसे देत नाही आणि कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणणारा माणूस लग्नाच्या मांडवात एकटा उभा राहतो.

"शिक्का पण सावडीला गेला का?" मी विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं बाहेर आलं. पलीकडची वखार त्याच्या थोरल्या चुलतभावाची. सगळे त्यांना दादा म्हणतात. याचा बाप लवकर गेला, दादांनी याला वाढवलं, आयटीआयला घातलं. दादांनी वखार टाकली, पण चेंबर घालायची ऐपत नव्हती. एक दिवस घरी आले आणि म्हणाले, जरा शिक्का दे, गाडी भरायचीय. याने दिला. नंतर तो मागावाच लागला नाही, पोरगं येऊन घेऊन जायचं. मग मधल्या वखारीतल्या दुसऱ्या भावानेही नेला.

"तुला माहीत होतं त्यांचं लाकूड कच्चं आहे?"

"होतं साहेब. पण दादाला कसं सांगू की तुमचं लाकूड खोटं? आणि खरं सांगू का, गिऱ्हाईक शिक्का मागतं. ताप कुणीच मागत नाही. मी एकटाच तापवत बसलो होतो."

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं नाही, पण विसरलोही नाही.

दादांना बोलावणं पाठवायची वेळच आली नाही. भाऊ ठाण्यात बसलाय हे कळताच ते स्वतः आले. साठीपुढचे, टोपी, पायात जाड वहाणा. ताईही त्या दिवशी जबाब पुरा करायला आलेल्या होत्या, बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दादांनी मला रामराम केला आणि उभ्यानेच बोलायला लागले.

"सायेब, त्याला सोडा. शिक्का म्या न्हेला. पर आमी चोरी केली न्हाई. बांध एक, हीर एक, मंग शिक्का येगळा कसा? लाकूड तेच, खिळा त्योच. सरकारी नंबर हाय, गाडीच्या नंबरावानी, आसं म्या समजलो."

मी त्यांना विचारलं की त्या शिक्क्याचा अर्थ काय, हे कधी विचारलं होतं का? म्हणाले, "न्हाई. म्या इचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं बोलत होते. जो माणूस उभ्या जन्मात दुसऱ्याच्या बांधावरची कणसं तोडणार नाही, त्याने एक आंतरराष्ट्रीय चिन्ह उसनं नेलं होतं, पाभर न्यावी तसं. कायद्याला मात्र हेतूचा एवढा बारकावा सोयीचा नसतो. कच्चं आहे हे माहीत असताना तापवलेलं म्हणून विकलं, हा गुन्हा होता, आणि दादांना एवढं नक्की माहीत होतं की आपल्याकडे चेंबर नाही.

आता ताई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी तीच पिशवी काढली, आतलं लेबल उलटून दादांच्या समोर धरलं.

"दादा, हे बघा. ह्याच्यासाठी माझ्या बायका परक्या माणसापुढं बसून उत्तरं द्यायल्या. तू गरोदर होतीस तेव्हा पगार मिळाला का, मालकीण शिव्या देती का. सगळं. एकीनं पण खोटं सांगितलं न्हाई. तुम्हाला शिक्का पाहिजे होता, तुम्ही भावाला मागितला. आम्हाला कुणाला मागायची सोय नव्हती."

दादांनी लेबलकडे बघितलं. वाचता येत असावं, कारण बघायला वेळ घेतला. मग ते पहिल्यांदा खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाय, हे म्हाईत नव्हतं गं," ते म्हणाले.

मी दोघांनाही अटक दाखवली, जामीन झाला. मधल्या वखारीच्या भावालाही आरोपी केलं. लोखंडी शिक्का जप्त केला. जप्त मालाला कापडात गुंडाळून, लाख वितळवून, त्यावर ठाण्याची पितळी मोहोर उठवायची ही आमची रीत. नोकरीत ते मी हजार वेळा केलं असेल. त्या दिवशी शिक्क्यावरच शिक्का मारताना हात जरा थांबला. आमची ही मोहोर ठाणे अंमलदाराच्या ताब्यात कुलपात असते. शेजारच्या ठाण्याने मागितली तर आम्ही देऊ का? नाही देणार. का नाही देणार, हे मी इतक्या वर्षांत कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

पण ताईंचा प्रश्न सुटला नव्हता. खरेदीदार खुलाशाची वाट बघत होता. ताई म्हणाल्या, "साहेब, आमची चूक न्हाई असं लिहून द्या." मी स्पष्ट सांगितलं, असं लिहून देणं पोलिसाच्या अधिकारात नाही. कोण निर्दोष आहे हे ठरवणं माझं काम नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना सांगितलं की फिर्यादीला प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, तो तुमचा हक्क आहे. त्यात तुम्ही फिर्यादी आहात. किडा निघाल्यावर तुम्ही तोंड लपवलं नाही, स्वतः पोलीस ठाण्यात आलात, हे त्यात लिहिलेलं आहे. तुमच्या खरेदीदाराला अजून कसला खुलासा हवा?

ताईंच्या मुलीने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. ताईंनी त्यासोबत एक गोष्ट स्वतःच्या मनाने जोडली. आतापर्यंत आम्ही कापूस कुठून येतो ते विचारलं, दोरा विचारला, लाकूड कुठून येतं ते विचारलं नाही, ही आमची कसूर, पुढच्या खेपेपासून पॅलेट आम्ही चेंबरच्या दारात उभं राहून घेऊ, असं त्यांनी कळवलं. मी म्हटलं, ताई, कसूर कबूल करायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "लेबलात बसतंय ते."

पुढचे काही दिवस माझंही लक्ष नेहमीच्या कामात लागेना. तीस वर्षं चोर पकडले, पण परदेशातल्या एका खरेदीदाराच्या उत्तराची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. रोज हजेरीनंतर हवालदार विचारायचे, "साहेब, किड्याचं काय झालं?" आता ते थट्टेने विचारत नव्हते.

उत्तर आलं ते ताईंनी मला फोनवर वाचून दाखवलं. माल बंदरातच दुसऱ्या पॅलेटवर घेतला जाईल, जुनं लाकूड तिथे जाळलं जाईल, आणि पुढच्या ऑर्डरी चालू राहतील. ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता. वाचून झाल्यावर मात्र त्यांनी तेच पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मागे शिलाईच्या मशीनचा आवाज येत होता.

न्यायालयात तिघांनीही गुन्हा कबूल केला, दंड झाला. धाकट्याचा परवाना काही काळ निलंबित होता. मग कडक तपासणीनंतर, शिक्का कुलपात राहील या अटीवर, तो परत मिळाला. दादांनी आपली वखार बंद केली. ती जागा धाकट्याला दिली, तिथे मोठं चेंबर उभं राहिलं, आणि आता दोघे एकाच नावाने काम करतात. पहिल्या दिवशी चेंबर पेटवलं तेव्हा मला बोलावलं होतं, मी गेलो. दादा दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते, तापमानाच्या आकड्याकडे बघत. मी म्हटलं, दादा, आता गिऱ्हाईक ताप मागायला लागलं का? म्हणाले, "न्हाई सायेब. आता आमीच दाखवतो."

निवृत्तीनंतर लोक विचारतात, एवढे खून-दरोडे सोडून तुम्ही ही लाकडाची केस का सांगता? म्हणून सांगतो. खुनी काय करतो ते सगळ्यांना कळतं. पण शिक्का म्हणजे नक्की काय, हे मला पदवीधर होऊनही या केसमध्ये कळलं. शिक्का म्हणजे त्याच्या आधी झालेलं काम. लाकडाच्या बाबतीत तो अर्ध्या तासाचा ताप. पिशवीच्या बाबतीत चाळीस बायकांनी दिलेली खरी उत्तरं. माझ्या प्रमाणपत्राच्या बाबतीत आईच्या चुलीचा धूर. ते काम उसनं देता येत नाही, म्हणून शिक्काही उसना देता येत नाही. आपल्या माणसांना हे उमगत नाही असं नाही. आपल्याकडे मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही, आणि तिकडे नुसत्या शब्दावर भरवसा ठेवायची रीत नाही. दोन्हींच्या मधल्या जागेत ती अळी शिरली.

ताईंची शेड आजही चालू आहे. त्या केसमुळे तिथल्या एकाही बाईचं काम गेलं नाही. त्यांचा माल दर खेपेला तापवलेल्या लाकडावर जातो. आणि त्या भावकीत पेरणीच्या दिवसांत पाभर अजून सावडीने फिरते. शिक्का फिरत नाही.